टाकीवरचं कुंकू

"तिथं कुंकू लावायची जागा हाय व्हय ती?"

"आण हिकडं ताट."

"दरसाली दिव्याला लावतो, हँडलाला लावतो. टाकीच्या बगलंला कोण लावतंय?"

"ह्यासाली लावायचं."

"अवो, पण का?"

"बायाक्का, ताट सोड म्हणतो न्हवं!"

बायाक्का ताट सोडेना आणि कल्लाप्पा ओढायचा थांबेना. मधल्यामधे निरांजन कलंडलं, तेल सांडलं, आणि झेंडूची दोन फुलं घरंगळत मागाच्या खड्ड्यात गेली. खंडेनवमीची संध्याकाळ होती. शहापुरात घरोघर माग पुजून झाले होते, धोटे पाटावर मांडून झाले होते. फक्त ह्या एका घरात नवराबायको फटफटीच्या दोन अंगांना उभं राहून पूजेच्या ताटासाठी भांडत होती.

"लगीन होऊन आल्यापासनं ह्या घरातली पूजा मी करालोय," बायाक्का म्हणाली. "मागाची मी, फणीची मी, ह्या फटफटीची पण मीच. आजच तुमच्या हाताला काय खाज सुटली?"

तिची पकड जरा सैल झाली तेवढ्यात कल्लाप्पानं कुंकवाची वाटी उचलली. तीन बोटं तेलात कालवलेल्या कुंकवात बुडवली आणि टाकीच्या डाव्या बाजूला, बसल्यावर गुडघा टेकतो तिथं, जाड थर दिला. एकदा दिला, वर पुन्हा दिला. देवाला लावताना बोट कसं अलगद टेकतं. हा भिंत लिंपल्यासारखा लिंपत होता.

बायाक्कानं निरांजन सावरून जवळ नेलं आणि वाकून बघितलं. कुंकवाच्या कडेला पिवळट काहीतरी उरलं होतं. तिनं नखानं टोकरून नाकाला लावलं.

"साबण."

"कसला साबण?"

"धुण्याचा. माझ्या न्हाणीतला. चार दिस झालं, वडी सापडंना म्हणून मी शेजारच्या अंबुबाईवर आळ घेतला की वो! तिच्या तोंडावर बोललो मी, न्यायची तर सांगून न्यायचीस म्हणून."

कल्लाप्पानं वाटीत पुन्हा बोटं बुडवली.

"गळालीया व्हय टाकी?"

"हळू बोल."

"आणि उद्या त्या दस्तगीरला द्यायचं ठरलंय न्हवं, हीच गाडी?"

"हळू बोल म्हणालोय न्हवं!"

उद्या दसरा, उद्या जुनी फटफटी देऊन दस्तगीर मिस्त्रीकडची दुसरी घ्यायची, हे बायाक्काला ठाऊक होतं. कशी द्यायची तेही आता कळलं. पूजेचं कुंकू कुणी पुसत नाही. हिंदू पुसत नाही आणि खडेबाजारातला दस्तगीर तर मुळीच पुसणार नाही. तिनं ताट खाली ठेवलं आणि हात पदराला पुसले. पुन्हा पुन्हा पुसले.

*

कल्लाप्पाला शहापुरात, आणि शहापूरबाहेर पार निपाणी-सदलग्यापर्यंत, दोन गोष्टींवरून ओळखत. एक त्याची फटफटी आणि दुसरी त्याची घडी.

आधी घडीचं सांगते. लुगडं विणताना कुठंतरी दोरा तुटतो, कुठं गाठ राहते, कुठं बाण्याचा, म्हणजे आडवा, एखादा धागा सुटतो. कितीही चांगला विणकर असो, एवढ्या लांब कापडात एखादी खोट राहतेच. विकणारे ती जागा घडीच्या पोटात घालतात आणि वर झगझगीत काठ नि पदर ठेवतात. कल्लाप्पाचा बाप तसंच करायचा, आजाही तसंच करायचा. कल्लाप्पानं एके दिवशी घडी उलटी घातली. खोट वर. सदलग्याच्या बाजारात गठ्ठा सोडला आणि ओरडला, "आधी खोट बघा, मग काठ बघा!"

बाजार हसला. नागुबाई नावाची एक तंबाखूच्या मळ्यातली बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लग्नाच्या बाजारात असा उभा राहिला असतास तर बिनलग्नाचा ऱ्हायला असतास रं!"

कल्लाप्पा म्हणाला, "आक्का, बायकोला पण आधी खोट सांगितली. मी घोरतो म्हणून."

नागुबाईनं त्या दिवशी एक लुगडं घेतलं. पुढच्या बाजाराला तिच्या दोन जावा आल्या. वर्ष-दोन वर्षांत असं झालं की निपाणीच्या बायका दुसऱ्याच्या गठ्ठ्यातलं लुगडं उलगडून, झटकून, उजेडात धरून बघायच्या. कल्लाप्पाच्या गठ्ठ्यातलं तसंच काखेत मारून न्यायच्या. "त्येनं सांगितली तेवढीच खोट. दुसरी असायची न्हाय."

आता फटफटी. लढाईच्या आधी, सदतीस साली, कॅम्पातला एक गोरा सार्जंट विलायतेला परत निघाला आणि जाताना आपली फटफटी दस्तगीर मिस्त्रीच्या दुकानात लावून गेला. कल्लाप्पा सूत आणायला खडेबाजारात गेला होता. दुकानापुढं उभा राहिला तो उभाच राहिला. घरी तीन माग होते. त्यातला एक मोडला आणि फटफटी आली. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात. संस्थानच्या मोटारी लोकांनी बघितल्या होत्या, पण कोष्ट्याच्या बुडाखाली फटफटी कुणी बघितली नव्हती. पहिल्या दिवशी ती गल्लीत शिरली तेव्हा धोट्यांचा खटखटाट एका पाठोपाठ एक बंद पडत गेला, आणि तेवढ्या शांततेत कल्लाप्पा फटफटत घरापर्यंत आला. उतरल्यावर त्याला पाय फाकवल्याशिवाय चालता येईना. तसाच आत गेला. बायाक्का अजून त्या चालीची नक्कल करते.

मागच्या कॅरेजवर लुगड्यांचा गठ्ठा, पुढं कल्लाप्पा. वंटमुरीचा घाट उतरायचा, संकेश्वर मागं टाकायचं, तवंदीचा घाट उतरला की निपाणी. सकाळी निघून दिवेलागणीला घरी. पूर्वी ह्याच फेरीला बैलगाडीनं नि मोटारसर्व्हिसनं त्याचे तीन दिवस मोडायचे. बाजारात तो गाडीचीही बढाई मारायचा, पण एकच: "एवढी वर्सं झाली, एकदा आडवी पडली न्हाई!"

दसऱ्याचा त्याचा एक रिवाज होता. सोनं द्यायला दस्तगीरच्या दुकानी जायचं, आपट्याचं पान हातात ठेवायचं, आणि गळाभेट झाली की विचारायचं, "मिस्त्री, आज इकली तर?"

दस्तगीर गाडीभोवती एक फेरी मारायचा, दाढी खाजवायचा आणि भाव सांगायचा. रुपयांत नाही, लुगड्यांत. कल्लाप्पाला कळावं म्हणून.

"अठरा लुगडी."

पुढच्या दसऱ्याला, "सोळा."

"दोन लुगडी कुठं गेली?"

"रस्त्यानं सांडली की, तुझ्या मागनं."

लढाई सुरू झाली तशी पेट्रोलची कुपनं आली. फटफटी महिनोन् महिने मागाच्या खोलीत उभी. बायाक्का तिच्या हँडलावर सुताच्या लडी वाळत घालायची. त्या वर्षांत कल्लाप्पानं भाव विचारला की दस्तगीर म्हणायचा, "आधी पेट्रोल आण, मग भाव विचार." लढाई संपली आणि सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात पुण्याकडून मिलिटरीनं मोडीत काढलेल्या फटफट्या लॉटच्या लॉट यायला लागल्या. हिरव्या, दणकट, नव्या टायरांच्या.

"बघ कल्लाप्पा," दस्तगीर तेव्हा म्हणाला होता, "ठेवायची असली तर इंजिन उघडायला लागेल. रिंगा गेल्यात, चेन ढिली झालीया. खर्च करशील, पाच वर्सं आणखी फिरशील. पण द्यायची असली तर ह्या दसऱ्याला दे. पुढच्या दसऱ्याला हिरव्या गाड्या गल्लीगल्लीत असतील, तुझीला कोण विचारणार? आज दहा लुगडी धरतो मी. वरचे पैसे घाल आणि हिरवी ने."

बायाक्काचं मत सरळ होतं. "चालतीया न्हवं? मग ऱ्हाऊ दे." कल्लाप्पाही तिच्याच मताचा होता. पावसाळ्यापर्यंत.

श्रावणात तवंदीच्या घाटात चिखलावरून चाक सरकलं. गाडी आडवी झाली, टाकी दगडावर आपटली. कल्लाप्पाला फारसं लागलं नाही. त्यानं उठून पहिलं काय केलं असेल, तर वर-खाली रस्त्यावर बघितलं. कुणी बघितलं का? कुणीच नव्हतं. घरी येऊन त्यानं कोपराचं खरचटणं बायाक्काला दाखवलं आणि म्हणाला, "न्हाणीत घसरलो." टाकीच्या बगलेला बोटभर चीर होती. दगडानं साबण ठेचून त्यात दाबला. पेट्रोल साबणाला खात नाही, हे त्यानं दस्तगीरकडूनच कधीतरी ऐकलं होतं.

साबण दहा-पंधरा दिवस धरायचा, मग झिरपायचं. झिरपलं की लुगड्यांना वास.

सदलग्यात नागुबाईनं घडी नाकाशी नेली. "कल्लाप्पा, हे नेसू का ह्याला वात लावू?"

भोवतालच्या बायका हसल्या. कल्लाप्पाही हसला. पण घडीवरची खोट त्यानं सांगितली होती. ही सांगितली नव्हती. त्याची मान खाली गेली. गठ्ठा आवरताना त्यानं ठरवलं: दसऱ्याला देऊन टाकायची.

चीर सांगितली असती तर दस्तगीरनं दहाऐवजी चार धरली असती, आणि हिरवी गाडी हाताबाहेर गेली असती. हे एक कारण. दुसरं सांगायला त्याला स्वतःशीही जड जायचं. चीर सांगायची म्हणजे गाडी पडली हे सांगायचं.

*

दसऱ्याच्या सकाळी खडेबाजारात दुकानांना तोरणं होती. दस्तगीरनं नवा कुडता घातला होता. कल्लाप्पानं सोनं दिलं, गळाभेट झाली.

"काय कल्लाप्पा, ठरलं तर?"

"ठरलं."

दस्तगीरनं किक मारली, डोळे मिटून आवाज ऐकला. ब्रेक दाबले, चेन हलवली. मग सवयीनं खांद्यावरचं फडकं काढलं आणि टाकीकडं हात नेला. हात तिथंच थांबला.

"नको. पूजेचं हाय."

"बघा की," कल्लाप्पा म्हणाला. खरंच म्हणाला. त्याला वाटलं, ह्यानं पुसावं. पुसलं म्हणजे मला सांगायला लागणार नाही.

"आता तुझी गाडी मी बघू?" दस्तगीर हसला. शेजारच्या भांडीवाल्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "अवो शेट, हा लुगड्याची खोट वर ठेवून घडी घालतो. ह्याच्या गाडीत मी खोट शोधत बसू? आणि घरच्या बाईनं हातानं लावलेलं कुंकू. मी पुसलं तर बरं दिसेल काय? आपसूक जाईल, पावसानं."

"घरच्या बाईनं," कल्लाप्पा म्हणाला. का म्हणाला त्याचं त्यालाच कळलं नाही.

दहाऐवजी दस्तगीरनं अकरा धरली. सणाचं एक.

हिरवी गाडी घेऊन तो गल्लीत आला तेव्हा माग बंद होते, दसऱ्याची सुट्टी. लोक बाहेर आले, हात फिरवून गेले. बायाक्का उंबऱ्यात उभी होती.

"कशी हाय?" कल्लाप्पानं विचारलं.

"बरी हाय."

"बस की मागं. किल्ल्यापतोर जाऊन येऊ."

"भाकऱ्या टाकायच्या हाईत," बायाक्का म्हणाली. आत जायच्या आधी शेजारी अंबुबाईच्या दारात थांबली. साबणाबद्दल तिची क्षमा मागत होती. सापडला म्हणत होती. कुठं सापडला ते सांगत नव्हती. कल्लाप्पानं ते सगळं ऐकलं आणि गाडीचा दिवा उगाच पुसत बसला.

त्यानंतर निपाणीला, सदलग्याला तो जात राहिला. घडी खोट वर ठेवूनच घालायचा. पण गठ्ठा सोडून उभा राहिला की ओरडणं घशात अडकायचं. "आधी..." म्हणायचा आणि खाकरायचा. बायका त्याच्याकडं बघायच्या.

"घसा बसला व्हय रं?" नागुबाईनं विचारलं. "आणि तुझं जुनं घोडं कुठाय?"

"इकलं."

"वासासकट?"

बायका खिदळल्या. "खोट सांगून इकलंस न्हवं?" ती हसतच म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. कल्लाप्पाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यानं त्या दिवशी गठ्ठा लवकर बांधला आणि तवंदीचा घाट चढून येताना गाडी जिथं पडली होती त्या वळणावर डोळे पुढं ठेवून, जणू तिथं कुणी बसलंय अशी, गाडी हाकली.

एकदा सांगायचं ठरवून तो दस्तगीरकडं गेलाही. वाटेत वाक्य जुळवलं होतं. "मिस्त्री, एक सांगायचं ऱ्हायलं." एवढं म्हटलं की पुढचं आपोआप येईल असा हिशेब.

दुकानापुढं त्याची जुनी फटफटी उभी होती. हँडलाला नवा हार, टाकीवर तेच कुंकू. शेजारी एक तरुण जोडपं.

"हा बघ, आलाच!" दस्तगीर ओरडला. "भावकू, हेच ते कल्लाप्पा. गाडीचे जुने धनी."

भावकू खानापूरकडच्या एका खेड्यातला शेतकऱ्याचा पोरगा. कॅम्पातल्या कचेरीत पट्टेवाला म्हणून लागला होता. नुकतं लग्न झालेलं. बायको जयाबाई पाठीमागं उभी. त्यानं पुढं होऊन कल्लाप्पाच्या पायांना हात लावला.

"अण्णा, मिस्त्रीनी सांगितलं, तुमची गाडी म्हटल्यावर बघायचं काम न्हाय. हात लावा की एकदा. तुमच्या हातानं सुरू झालेली बरी."

जयाबाई हळूच म्हणाली, "कुंकू ठिवलंय आमी. आक्कानी लावलेलं म्हणं. शुभ असतंय."

मिस्त्री, एक सांगायचं ऱ्हायलं. वाक्य तोंडात होतं. कल्लाप्पानं हँडलाला हात लावला, किक मारली. गाडी एका किकेला सुरू झाली. दस्तगीरनं टाळी वाजवली.

"बरं का," कल्लाप्पा भावकूला म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "टाकी गळ्यापतोर भरत जाऊ नको. अर्धीच भर. उन्हात फुगतंय पेट्रोल."

"अर्धीच भरतो अण्णा," भावकू म्हणाला, आणि ते वाक्य गुरूचा मंत्र असावा तसं त्यानं मान डोलवून घेतलं.

घरी आल्यावर बायाक्कानं विचारलं, "सांगितलं?"

"व्हय. सांगितलं."

"काय सांगितलं?"

"सांगितलं म्हणतोय न्हवं!"

मग ती मागावर जाऊन बसली.

*

दिवाळी झाली आणि एके सकाळी दस्तगीरचा निरोप आला: खडेबाजारात ये, तुझी साक्ष लागणार आहे. निरोप्यानं बाकीचंही सांगितलं. भावकूच्या गाडीनं खानापूरच्या वाटेवर पेट घेतला. माणसं वाचली. पोराचा पाय भाजलाय.

कल्लाप्पानं टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.

"मी न्हाय जात."

"जावा," बायाक्का म्हणाली. माग थांबवून ती उठली होती. "जावा आणि सांगा."

"काय सांगू? लोक काय म्हणतील?"

"पोराचा पाय भाजलाय, आणि तुमाला लोक दिसालेत व्हय?" मग तिचा आवाज उतरला. "ताट मी सोडायला नको हुतं त्या दिशी. मी सोडलं, वर गप्प बसलो. दस्तगीर म्हणतोय, बाईनं लावलेलं कुंकू. आता ते माझ्याच नावावर हाय."

तो हिरव्या गाडीवरून गेला. पायी गेला असता तर उशीर झाला असता, आणि उशीर झालेलं त्याला चाललं असतं; पण सवयीनं किक मारली गेली.

दुकानात जुनी फटफटी आतल्या बाजूला उभी होती. टाकीची डावी बाजू काळी ठिक्कर. भावकू बाकड्यावर बसलेला, गुडघ्याखाली पाय फडक्यात गुंडाळलेला. जयाबाई दाराशी. तिच्या काखेत जळालेल्या लुगड्याची घडी होती. जळकी बाजू वर.

"आलास? बरं झालं," दस्तगीर म्हणाला. तो चिडून लाल झाला होता. "ह्या पोराला तूच सांग. मी सांगून दमलो. म्हणतोय जुनी फुटकी गाडी गळ्यात मारली! माझ्या दुकानात उभं राहून!"

"तसं न्हाय म्हणालो मिस्त्री," भावकू म्हणाला. "मी एवढंच म्हणालो की मी पाडली न्हाय."

"मग चीर आभाळातनं पडली? अरे, दगडावर आपटल्याबिगर अशी चीर येत न्हाई. आणि हे बघ." दस्तगीरनं स्क्रूड्रायव्हरनं चिरेतून काहीतरी उकरलं आणि बोटावर घेऊन सगळ्यांना दाखवलं. "साबण! पाडलास, चीर पडली, साबण चोपडलास. आणि पेटल्यावर माझ्याकडं आलास."

"साबण मी न्हाय लावला. साबण कुंकवाच्या खाली हुता."

"कुंकू जळून कोळसा झालंय. खालचं काय नि वरचं काय, कोण सांगणार?"

"मी मागं बसलोतो," जयाबाई पुढं येऊन म्हणाली. "गाडी पडली असती तर मी न्हाय पडलो असतो? माझ्या धन्यानं हातानं विझवली ती. मला आधी ढकलून दिलं खाली. खोटं बोलायचं असतं तर घरीच बसलो असतो की."

"बाई, तुम्ही नवऱ्याच्या बाजूनंच बोलणार. तुमचं चुकतंय असं म्हणत न्हाई मी." दस्तगीर कल्लाप्पाकडं वळला. दारात शेजारचा भांडीवाला येऊन उभा राहिला होता, त्याच्या मागं आणखी दोघं. "पण ही गाडी कुणाची हुती? निपाणीपतोर जाऊन विचारा. चीर असती तर ह्या मानसानं दाराबाहेरनंच ओरडून सांगितली असती. सांग कल्लाप्पा, एवढंच सांग. मला दिलीस तेव्हा टाकी धड हुती का न्हाई?"

कल्लाप्पा त्या बोटावरच्या साबणाकडं बघत होता. बायाक्काच्या न्हाणीतला. पिवळा होता, आता करपून तपकिरी झाला होता.

"बोल की," दस्तगीर म्हणाला.

"अण्णांना मधी घालू नगासा," भावकू म्हणाला. त्याला बोलताना पायाला कळ लागत होती. "त्यांचा काय दोस? त्यानी तर मला बजावून सांगितलं हुतं, टाकी अर्धीच भर म्हणून. मी ऐकत हुतो. त्या दिशी जयाला माहेरी न्यायचं, लांबची वाट, म्हणून गळ्यापतोर भरली. त्यांचं ऐकलं न्हाय ही माझी चूक. तेवढी मी कबूल करतो. पण पाडली न्हाय."

"अर्धी?" दस्तगीर म्हणाला.

बोटावरचा साबण त्यानं फडक्याला पुसला.

"अर्धी कशाला?"

"उन्हात फुगतंय म्हणाले."

"ह्या दिवसात?" दस्तगीर टाकीपुढं उकिडवा बसला. चिरेच्या खालच्या टोकावर त्यानं बोट ठेवलं आणि तिथून बोट आडवं ओढत टाकीच्या पुढच्या टोकापर्यंत नेलं. काजळीत रेघ उमटली. रेघ टाकीच्या बरोबर मधून गेली होती. चीर तिच्या वरच्या अंगाला; अर्ध्या टाकीतलं पेट्रोल तिथवर पोचत नव्हतं. तो तसाच बसून राहिला. उठला तेव्हा त्याच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर कल्लाप्पाला बरं वाटलं असतं.

"कल्लाप्पा," तो अगदी हळू म्हणाला, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये असं. "अर्धी का म्हणून सांगितलंस?"

भावकू एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होता. जयाबाईला आधी कळलं. तिनं काखेतली घडी पोटाशी घट्ट धरली.

कल्लाप्पानं तोंड उघडलं. सगळ्या बाजारभर ज्या तोंडानं तो ओरडायचा ते तोंड. त्यातून वारा आला, शब्द आला नाही. त्यानं टोपी काढून हातात घेतली. दारातली माणसं बाजूला झाली. तो पायरी उतरला. पायरीशी हिरवी गाडी उभी होती, तिला वळसा घालून तो शहापूरच्या वाटेनं पायी चालू लागला.

"कल्लाप्पा!" मागून दस्तगीरची हाक आली. "अरे, गाडी!"

त्यानं मागं वळून बघितलं नाही.